पेन्शन वाढवायची तर जादा पैसे कुठे भरायचे?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेल्या रस्त्यावर, गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे आहे. बाहेरच्यांना हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे ठाऊक असते. पनवेलकरांना ते आता विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ विकास क्षेत्राच्या नकाशातही दिसते. एकीकडे भाताची खाचरे, दुसरीकडे नव्या इमारती आणि रोजच्या ये-जा करण्याच्या अंतरावर तळोजा एमआयडीसी. एकाच घरात एक भाऊ ठेकेदाराकडून कारखान्यात लागलेला, दुसरा रिक्षा चालवणारा, वहिनी नवीन पनवेलच्या सोसायट्यांत स्वयंपाकाला जाणारी आणि वडील अजून शेताकडे फेरी मारणारे, असे चित्र या पट्ट्यात सर्रास आढळते. या चौघांच्या म्हातारपणासाठी सरकारच्या योजना वेगवेगळ्या आहेत, त्यांचे नियमही वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो.

वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न याच गोंधळातून येतात. ‘फंडात जास्त कापायला सांगितले तर पेन्शन वाढेल का?’ ‘मध्ये सहा वर्षे नोकरी नव्हती, ती वर्षे आता पैसे भरून जोडता येतील का?’ ‘ई-श्रम कार्ड काढले आहे, मग साठीनंतर तीन हजार मिळणारच ना?’ तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण पेन्शन वाढवण्याचे खरे मार्ग आहेत. त्यातले काही तर एक रुपयाही जास्त न भरता मोकळे होतात.

फंडात भरलेले पैसे पेन्शनमध्ये जात नाहीत

पगारातून कापला जाणारा ‘पीएफ’ म्हणजे एकच खाते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती दोन खाती आहेत. तुमच्या मूळ पगार व महागाई भत्त्याचे १२ टक्के पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के निधीत. ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू आहे, म्हणून तिला ‘ईपीएस ९५’ म्हणतात. केंद्र सरकार तिच्यात १.१६ टक्के घालते.

पेन्शनच्या हिशेबासाठी पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. म्हणजे पगार कितीही असला तरी साधारणपणे महिन्याला १,२५० रुपयांपेक्षा जास्त पेन्शन खात्यात जात नाहीत. तुम्ही स्वेच्छेने जादा कपात सुरू केली, ज्याला ‘व्हीपीएफ’ म्हणतात, तर ती सगळी रक्कम निधीत जमा होते. तिच्यावर चांगले व्याज मिळते (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के) आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी हातात येते. तुमची दरमहाची पेन्शन मात्र तिने एका रुपयानेही वाढत नाही. व्हीपीएफ वाईट नाही. तो पेन्शन वाढवण्याचा उपाय नाही, एवढेच.

मागची राहिलेली वर्षे विकत घेण्याची सोयही या योजनेत नाही. ब्रिटनमध्ये ती आहे. तिथल्या नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीत राहिलेली मागची वर्षे, साधारणपणे सहा वर्षांपर्यंतची, पैसे भरून जोडता येतात. तिथल्या नव्या सरकारी पेन्शनसाठी किमान १० वर्षांची आणि पूर्ण रकमेसाठी ३५ वर्षांची नोंद लागते. घरातले कोणी तिथे नोकरी करून परतले असेल, तर त्यांनी तिथली नोंद जरूर तपासावी. पण तिकडची कथा ऐकून इथल्या पीएफ कार्यालयात ‘मागचे हप्ते भरतो’ म्हणत गेलात, तर रिकाम्या हाताने परत याल. आधी काढून घेतलेली पेन्शनची रक्कम परत भरून जुनी सेवा जिवंत करण्याचीही तरतूद नाही.

पासबुक उघडा आणि पेन्शनचा रकाना वाचा

हिशेब सोपा आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सरासरी पगार १५,००० आणि सेवा १० वर्षे असेल तर महिन्याला २,१४३ रुपये. सेवा २० वर्षे झाली की ५८व्या वर्षी निवृत्त होताना दोन वर्षे बोनस म्हणून जोडली जातात, म्हणजे २२ वर्षांचा हिशेब: ४,७१४ रुपये. ही उदाहरणे सगळी सेवा सप्टेंबर २०१४ नंतरची धरून केली आहेत. त्याआधीच्या वर्षांना जुनी ६,५०० रुपयांची मर्यादा लागते आणि नोव्हेंबर १९९५ पूर्वीच्या सेवेचा हिशेब वेगळा होतो. त्यामुळे जुन्या कामगारांचा आकडा यापेक्षा कमी येईल.

या सूत्रात तुमच्या हातातल्या दोनच गोष्टी आहेत: सेवेची वर्षे आणि नोंदवलेला पगार. म्हणून पीएफचे पासबुक काढल्यावर पुढील गोष्टी पाहा.

- पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला रक्कम आहे का? एखाद्या वर्षी ठेकेदार बदलला तेव्हा दोन-चार महिने कोरे राहिले आहेत का?
- ती रक्कम किती आहे? १,२५० पेक्षा कमी असेल तर तुमचा पगार १५,००० पेक्षा कमी दाखवला आहे.
- जुन्या प्रत्येक नोकरीचा सदस्य क्रमांक एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा क्रमांक) आहे का, आणि प्रत्येकाची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का?
- आधार, बँक आणि पीएफ, तिन्हीकडे नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का?

सदस्य क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून तुमचे खाते कोणत्या कार्यालयात आहे ते कळते. ‘टीएचव्हीएसएच’ अशी सुरुवात असेल तर ते वाशीचे कार्यालय. तळोजा परिसरातल्या पुष्कळ कामगारांना हीच अक्षरे दिसतील.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण तिथेच सर्वात मोठे नुकसान निमूटपणे होते. हातात १६,००० पडतात, पण पावतीवर मूळ पगार ९,००० आणि बाकी निरनिराळे भत्ते, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. मालकाची पीएफची रक्कम वाचते. कामगाराला वाटते, कपात कमी तर हातात जास्त. वीस वर्षांनंतर ९,००० च्या हिशेबाने पेन्शन बसते २,८२९ रुपये. १५,००० च्या हिशेबाने बसली असती ४,७१४. दरमहा जवळपास १,९०० रुपयांचा हा फरक जन्मभर राहतो आणि मागे राहिलेल्या विधवेच्या पेन्शनमध्येही उतरतो.

यावर कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले की, सर्व कामगारांना सरसकट दिले जाणारे भत्ते पीएफच्या हिशेबासाठी पगारातच धरायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांच्या व्याख्येतही, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवली जाते. पावत्या जपून ठेवा. एकट्याने बोलणे अवघड असेल तर युनियनमार्फत किंवा चार-पाच जणांनी मिळून विषय काढा. पगाराची नोंद खरी करून घेणे हा पेन्शन वाढवण्याचा सर्वात मोठा मार्ग आहे, आणि शेवटची पाच वर्षे यात निर्णायक असतात.

दहा वर्षे मोडू नका

नोकरी सुटली की ‘फंड काढून टाक’ हा सल्ला घरोघरी मिळतो. घराचे काम, लग्न, रिक्षाचे परमिट, कारण काहीही असो, लोक फंडासोबत पेन्शनची रक्कमही फॉर्म १०-सी भरून उचलतात. फंडाचे पैसे काढणे हा ज्याच्या-त्याच्या गरजेचा भाग आहे. पेन्शनची रक्कम उचलणे मात्र फार महागात पडते, कारण त्याबरोबर तुमच्या सेवेची वर्षे पुसली जातात. पेन्शनला किमान १० वर्षे सेवा लागते, आणि पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आकड्यांत पाहा. १५,००० च्या हिशेबाने नऊ वर्षे पूर्ण केलेल्याने रक्कम उचलली तर त्याच्या हातात दीड लाखाच्या आतच येतात. तोच माणूस आणखी एक वर्ष कुठल्याही पीएफ लागू असलेल्या ठिकाणी लागला, तर ५८व्या वर्षापासून त्याला महिन्याला २,१४३ रुपये सुरू होतात. साडेपाच-सहा वर्षांत ती पेन्शन उचललेल्या रकमेच्या पुढे जाते. त्यानंतरचे सगळे वरचे, शिवाय पत्नीची पेन्शन.

नोकरी सुटली आणि दहा वर्षे झाली नसतील, तर याच १०-सी फॉर्ममध्ये दुसरा पर्याय असतो: योजनेचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘स्कीम सर्टिफिकेट’ म्हणतात. यात पैसे मिळत नाहीत, पण तुमची झालेली वर्षे कागदावर राहतात. पाच वर्षांनी पुन्हा नोकरी लागली की ते नव्या मालकामार्फत जमा करायचे आणि मोजणी पुढे चालू. तळोज्यात चार, रसायनीत तीन आणि पनवेलच्या एखाद्या मॉलमध्ये साडेतीन वर्षे, अशा तुकड्यातुकड्यांनी झालेल्या नोकऱ्यांतूनही पेन्शन उभी राहते. अट एकच की मधला एकही तुकडा काढून घेतलेला नसावा.

सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून साडेनऊ वर्षांवरही पेन्शन बसते. पण या काठावर विसंबून नोकरी सोडू नका. एखाद्या ठेकेदाराने दोन महिन्यांचा भरणा केलेला नसेल, तर काठ पायाखालून सरकतो.

असाच दुसरा टप्पा विसाव्या वर्षी आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. १९ वर्षे सेवेला ४,०७१ रुपये बसतात. २० वर्षे पूर्ण होताच बोनसची दोन वर्षे जोडून ४,७१४. त्या एका वर्षाची किंमत महिन्याला ६४३ रुपये आहे. अठरा-एकोणीस वर्षे झालेल्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

अठ्ठावन्न पूर्ण झाली. पेन्शन लगेच घ्यायची की थांबायचे?

ईपीएसची पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. नोकरी सोडलेली असेल आणि १० वर्षे झाली असतील तर ५० नंतरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या दर वर्षामागे ४ टक्के कपात कायमची लागते. उलट बाजूने, ५८ नंतर ६० वर्षांपर्यंत पेन्शन पुढे ढकलली तर दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. ही सोय २०१६ पासून आहे. ती दोन प्रकारे घेता येते: या दोन वर्षांत भरणा बंद ठेवून, किंवा नोकरी चालू असेल तर भरणा चालू ठेवून. आपल्याकडच्या पेन्शन योजनेत ‘जास्त भरून जास्त मिळवण्या’च्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे, म्हणून तिचा हिशेब नीट मांडायला हवा.

समजा, ४६व्या वर्षी सिक्युरिटीत लागलेल्या एका गृहस्थांची ५८ ला १२ वर्षे सेवा झाली. पगार १५,००० धरू. त्यांची पेन्शन बसते २,५७१ रुपये.

भरणा न करता दोन वर्षे थांबले, तर पेन्शन होते साधारण २,७८० रुपये. वाढ झाली महिन्याला सुमारे २१० रुपये. पण थांबलेल्या २४ महिन्यांत त्यांनी जवळपास ६१,७०० रुपये सोडले. ते वसूल व्हायला २४ वर्षांच्या वर लागतात, म्हणजे ते गृहस्थ ८४ वर्षांचे होतील. नोकरीही नाही आणि पेन्शनही घेत नाही, असे थांबण्यात बहुतेकांचा फायदा नाही.

भरणा चालू ठेवून थांबले, तर सेवा होते १४ वर्षे आणि वर ढकलण्याची वाढ. पेन्शन होते साधारण ३,२४० रुपये. वाढ जवळपास ६७० रुपयांची. इथे सोडलेल्या पेन्शनसोबत आणखी एक खर्च मोजावा लागतो. ५८ नंतर मालकाचा जो वाटा सगळाच निधीत गेला असता, त्यातले महिन्याला १,२५० रुपये आता पेन्शन खात्यात जातात, म्हणजे दोन वर्षांत ३०,०००. सगळे मिळून सुमारे ९१,७०० रुपये. ते साडेअकरा वर्षांत, म्हणजे वयाच्या ७१-७२च्या आसपास भरून निघतात.

म्हणून नोकरी चालू आहे, तब्येत ठीक आहे, घरखर्च पगारात भागतो आणि घरात दीर्घायुष्याची परंपरा आहे, अशांनी भरणा चालू ठेवून थांबण्याचा विचार करावा. मधुमेह वा हृदयविकार असेल, डोक्यावर जास्त व्याजाचे कर्ज असेल, तर ५८ पूर्ण होताच फॉर्म १०-डी भरून पेन्शन सुरू करावी. थांबायचे ठरवले तर तसा पर्याय वेळेत कळवावा लागतो. नुसता अर्ज न करता बसून राहणे म्हणजे थांबण्याचा पर्याय घेणे नव्हे.

चाळिशीच्या आत असाल तर अटल पेन्शन

रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, दुकानात मदतनीस म्हणून असणारी मुले, यांच्यासाठी दरमहा स्वतः पैसे भरून ठरावीक पेन्शन घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे अटल पेन्शन योजना. ती १ जून २०१५ पासून लागू आहे. वय १८ ते ४०, बँकेत किंवा पोस्टात बचत खाते, आणि साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० पैकी तुम्ही निवडलेली पेन्शन. किमान रकमेची हमी केंद्र सरकारची. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना यात नव्याने येता येत नाही. पीएफ असलेल्या कामगाराला मात्र मज्जाव नाही. तळोज्यातला तरुण कामगार ईपीएसच्या जोडीला अटलचे खाते ठेवू शकतो, आणि ही जोडी पुष्कळांसाठी उत्तम आहे.

५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याचा हप्ता सुरू करतानाच्या वयानुसार असा आहे:

- १८व्या वर्षी २१० रुपये
- २५व्या वर्षी ३७६ रुपये
- ३०व्या वर्षी ५७७ रुपये
- ३५व्या वर्षी ९०२ रुपये
- ३९व्या वर्षी १,३१८ रुपये

तिशीत सुरू करणारा साठीपर्यंत एकूण २ लाख ७ हजार ७२० रुपये भरतो. एकोणचाळिशीत येणारा ३ लाख ३२ हजारांहून जास्त भरतो. दोघांची पेन्शन सारखीच. चाळिसावा वाढदिवस जवळ आला असेल तर त्याची वाट न पाहता खाते आधीच उघडा.

खातेदारानंतर जोडीदाराला तितकीच पेन्शन मिळते आणि दोघांनंतर नामनिर्देशित वारसाला साठलेली रक्कम. ५,००० च्या पेन्शनला ती ८.५ लाख आहे. नवरा-बायको दोघेही स्वतंत्र खाते उघडू शकतात. बाईचे स्वतःचे खाते असणे याला फार महत्त्व आहे, कारण नेऱ्यासारख्या गावात जमीन आणि नोकरी बहुधा पुरुषाच्या नावावर असते.

आता मूळ प्रश्नाकडे. आधी १,००० ची पेन्शन निवडली आणि आता ५,००० ची हवी, तर जमते. वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम वाढवता किंवा घटवता येते. पण वाढवताना मागच्या सगळ्या महिन्यांतला हप्त्याचा फरक व्याजासह एकरकमी भरावा लागतो. म्हणून वाढवायचे असेल तर लवकर वाढवा; दरवर्षी तो फरक फुगत जातो. जमिनीच्या व्यवहारातून किंवा बोनसमधून चार पैसे हाती आले असतील, तेव्हा हे काम उरकून घेणे सोयीचे पडते. बँकेत आधी फरकाचा आकडा लिहून मागा, मग फॉर्म भरा.

अडचणी कुठे येतात तेही पाहून ठेवा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी शिल्लक नसेल तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया जादा लागतो. पावसाळ्यात धंदा मंद असणाऱ्यांनी तिमाही किंवा सहामाही हप्ता निवडावा. साठीआधी स्वेच्छेने बाहेर पडलात तर तुमचे पैसे आणि त्यांवरची प्रत्यक्ष कमाई, खर्च वजा होऊन, एवढेच परत मिळते.

महागाईची गोष्ट मनात ठेवलीच पाहिजे. पेन्शनची हमी ५,००० ची आहे, त्या ५,००० च्या खरेदीशक्तीची नाही. दरवर्षी ५ टक्के महागाई धरली तर ३० वर्षांनंतर त्यात आजच्या साधारण १,१५० रुपयांचा बाजार येईल. अटल हा पाया आहे, त्यावर घर भागणार नाही.

मानधन योजना: हप्ता लहान, अटी जास्त

ज्यांची महिन्याची कमाई १५,००० पर्यंत आहे आणि जे पीएफ, ईएसआय (कामगार विमा) किंवा एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) नाहीत, आयकर भरत नाहीत, त्यांना पंतप्रधान श्रमयोगी मानधन योजनेत येता येते. २०१९ पासूनच्या या योजनेत वय १८ ते ४० लागते आणि साठीनंतर ३,००० रुपये पेन्शन असते. तुमच्या हप्त्याइतकीच रक्कम केंद्र सरकार भरते. तिसाव्या वर्षी हप्ता फक्त १०५ रुपये आहे. अटलमध्ये त्याच वयाला ३,००० च्या पेन्शनसाठी ३४७ लागतात.

मग सगळ्यांनी मानधनच का घेऊ नये? कारण इथे तुमच्यानंतर जोडीदाराला निम्मीच पेन्शन मिळते, आणि जोडीदारानंतर मुलांना काहीच नाही. साठलेली मोठी रक्कम वारसाला मिळण्याचा भाग अटलमध्ये आहे, इथे नाही. ज्याला महिन्याला शंभर-दीडशेच परवडतात, त्याने मानधन घ्यावी. ज्याला मागे राहणाऱ्यांचीही सोय करायची आहे आणि हप्ता झेपतो, त्याला अटल बरी.

नोंदणी सीएससी केंद्रात आधार व बँक पासबुक दाखवून होते. नुसत्या ई-श्रम कार्डाने ही पेन्शन मिळत नाही. ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंदवही आहे. मानधनचे खाते वेगळे उघडावे लागते आणि हप्ता वेगळा भरावा लागतो.

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी अशीच किसान मानधन योजना आहे; हप्ता ५५ ते २०० रुपये आणि पेन्शन ३,०००. बांधकामावर जाणाऱ्यांनी राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाकडची नोंदणी चुकवू नये. मंडळाच्या साठीनंतरच्या निवृत्तिवेतनात नोंदणीची वर्षे मोजली जातात, आणि नूतनीकरण राहिले की मोजणीत खंड पडतो.

चाळीस ओलांडली असेल तर

अटल आणि मानधनचे दरवाजे बंद झालेले असतात. राहतात ते पर्याय असे:

- एनपीएस. ७० वर्षांपर्यंत खाते उघडता येते, वर्षाला किमान १,००० रुपये भरावे लागतात, वर मर्यादा नाही. रक्कम बाजारात गुंतते, त्यामुळे पेन्शन किती बसेल याची हमी नसते. साठीनंतर ठरावीक वाट्याची वर्षासन योजना घ्यावी लागते, बाकी रक्कम हाती येते.
- व्हीपीएफ. नोकरी चालू असलेल्यांसाठी. पेन्शन वाढत नाही, पण निवृत्तीला मिळणाऱ्या रकमेतून स्वतःचे मासिक उत्पन्न उभे करता येते. साठीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना दर तिमाहीला व्याज देते.
- ईपीएसची दहा वर्षे. ४८ च्या आत असाल आणि पीएफ असलेली नोकरी मिळत असेल, तर दोन हजार रुपये जास्त पगाराच्या पण पीएफ नसलेल्या नोकरीपेक्षा ती बहुधा फायद्याची ठरते.

ज्यांच्याकडे यातले काहीच नाही आणि वय ६५ झाले आहे, वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न २१,००० च्या आत आहे, त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिला हप्ता भरावा लागत नाही. महिन्याला १,५०० रुपये मिळतात; अर्ज पनवेलच्या तहसील कार्यालयात करायचा. खोटा उत्पन्नाचा दाखला काढून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पुढे पडताळणीत तो सापडला तर पेन्शन बंद होते.

तुमचे हक्क आणि तक्रारीची जागा

पगारातून रक्कम कापली पण भरली नाही, तर तो मालकाचा अपराध आहे, तुमचा नाही. ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनीची जबाबदारी संपत नाही. पगारपावत्या, ओळखपत्र आणि बँकेचा उतारा घेऊन पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ खात्याचे ‘निधी आपके निकट’ शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरते; सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अधिकारी तिथे समोर भेटतात. नाव किंवा जन्मतारखेची दुरुस्ती ५८ ची वाट न पाहता आत्ताच करून घ्या. तोवर जुनी कंपनी बंद पडली असेल तर सही आणायची कुठून, हा प्रश्न मग फार त्रास देतो.

कोणत्याही योजनेत नावनोंदणीसाठी शेकड्यांनी पैसे मागणाऱ्या दलालाला उभे करू नका. ‘तुमची पेन्शन वाढवून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. जास्त पगारावर पेन्शन मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर जे अर्ज मागवले होते, त्यांची मुदत २०२३ मध्येच संपली. त्या नावाने आज कोणी फी मागत असेल तर ती फसवणूक आहे.

पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. पीएफ पेन्शनधारक तो वर्षात कधीही देऊ शकतात आणि तिथून पुढे बारा महिने तो चालतो. बोटाचा ठसा उमटत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. १ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या शाखेत घेता येते, त्यामुळे मुलाकडे पुण्याला राहायला गेलात तरी खाते हलवण्यासाठी वाशीला खेपा घालाव्या लागत नाहीत.

आणि नामनिर्देशन आजच तपासा. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या पुष्कळांच्या खात्यात अजून फक्त आईवडिलांची नावे असतात. नोकरीत असताना कामगार दगावला तर एका महिन्याचा भरणा असला तरी पत्नीला पेन्शनचा हक्क मिळतो, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला २५ वर्षे वयापर्यंत तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. पण कुटुंबाची नावे आधारसह ऑनलाइन भरलेली असतील, तर तो हक्क काही आठवड्यांत हाती येतो. नसतील, तर तिला मृत्यूच्या दाखल्यासोबत विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि वारसाचे कागद गोळा करत फिरावे लागते. यूएएनच्या संकेतस्थळावर हे काम पंधरा मिनिटांत होते. स्वतः जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि तिच्यासमोरच भरा, म्हणजे यूएएन कुठे आहे हे घरात आणखी एकाला माहीत होईल.